तिसरं कडवं

बाजारात भरताची वांगी आली की आमच्या घरात एक छोटं भांडण ठरलेलं असतं. हिरवीगार, पांढरट रेघांची, चांगली हाताएवढी वांगी पिशवीतून काढत बायको म्हणते, "यंदा तरी खाणार, की पुन्हा नाटकं?" मी नको म्हणतो. ती म्हणते, जळगावात राहून हिवाळ्यात भरीत न खाणारा माणूस उभ्या जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. मग ती अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवते, वांगी भाजायला टाकते आणि मी मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतो. वास दाराखालून आत येतोच.

तिला कारण माहीत आहे. तरी दर वर्षी विचारते. न विचारणं म्हणजे मला माफी दिल्यासारखं होईल असं तिला वाटत असावं, आणि ती द्यायचा अधिकार आपला नाही हेही तिला कळतं. बाई हुशार आहे.

मेहरूणला आमच्या घरामागे एक शाळा आहे. डिसेंबर लागला की तिच्या खिडक्यांतून समूहगीत सुरू होतं. आधी पेटीचा सूर, मग मास्तरांचं "एक, दोन, तीन, हं", मग पंधरा-वीस पोरींचा एकदम फुटलेला आवाज. दुपारचं कोवळं ऊन, वाळत घातलेल्या गोधड्या, भाजलेल्या वांग्याच्या सालीचा धूर आणि वर चढत जाणारी ती चाल. खानदेशातले आठ महिने माणूस उन्हाला शिव्या देत काढतो आणि या दोन महिन्यांची वाट बघतो. मी मात्र हे दोन महिने कधी संपतात याची वाट बघतो.

मी संगीताचा मास्तर होतो. मुलींच्या अध्यापक विद्यालयात, म्हणजे ज्याला सगळे नुसतं डी.एड. म्हणतात तिथे, आठवड्याला सहा तास. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात कॉलेजचा दोष नाही. बाकीच्या विषयांना पुस्तकं होती. मला माझी स्वतःची पेटी होती आणि जिन्याखालची खोली. ऐंशीच्या दशकातले माझे सगळे हिवाळे त्या खोलीत गेले. खेड्यापाड्यांतून आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली ओळीने उभ्या राहायच्या, अंगात स्वेटर, डोक्याला खोबरेल, आणि मी त्यांना एखाद्या कवितेच्या ओळी वाटून द्यायचो. वाटून द्यायचो हाच शब्द बरोबर आहे. ही ओळ पहिल्या रांगेला, ही दुसऱ्या रांगेला, हे धृपद सगळ्यांना.

समूहगीत हा प्रकार मुळातच जरा उद्धट आहे. कवी बिचारा एकटा बसून लिहितो आणि आम्ही ते बारा तोंडांत घालतो. काही कवितांना ते सोसतं. मळणीची, जत्रेची, मिरवणुकीची कविता असली की तिच्यात आधीच गर्दी असते, आणखी बारा जणी आल्या तर कुणाला धक्का लागत नाही. पण जिच्यात एकच माणूस आहे आणि तेही एकटं आहे, अशी कविता बारा जणींनी छातीवर हात ठेवून म्हटली की त्या एकट्या माणसाचं काय होतं? हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही. मला मात्रा मोजायच्या असत.

आमच्या धंद्याचे काही अलिखित नियम होते. मला ते माझ्या गुरुजींकडून मिळाले आणि मीही ते पुढे दिले. चाल शेवटी चढली पाहिजे. शेवटची ओळ तीनदा घ्यायची आणि तिसऱ्यांदा वरच्या षड्जावर सोडायची. आणि समूहगीत कधी 'नाही'वर संपवायचं नाही. परीक्षकाच्या हातात पेन असतं, कानात शेवटचा शब्द असतो. 'नाही' ऐकून कुणी हात सैल सोडत नाही. आणखी एक नियम होता, तो तर आम्ही एकमेकांतही बोलत नव्हतो. बारा जणी उभ्या करायच्या असल्या तरी बारा गळे कधीच मिळत नाहीत. नऊ मिळतात, दहा मिळतात. उरलेल्या दोघी-तिघींना बाजूला घेऊन हळूच सांगायचं की तू नुसतं तोंड हलव, आवाज काढू नकोस. प्रत्येक समूहात अशा असतात. स्टेजवर त्या सगळ्यांत जास्त मन लावून गाताना दिसतात, कारण त्यांना दुसरं कामच नसतं.

विमल धुळ्याकडची. पारोळ्याच्या पुढे आत कुठेतरी तिचं गाव, घरात अहिराणी, वर्गात प्रमाण मराठी, आणि घाईत दोन्हींची मिसळ. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज घोगरा. लहानपणी वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारून आवाज असा झाला, असं ती हसून सांगायची. ती बारा वर्षांची असताना तिची आई गेली होती. हे मला पुढे कळलं. मी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि मास्तरांनी असलं विचारायची पद्धत नव्हती.

त्या वर्षी डिसेंबरात एका मुलीच्या मामांच्या शेतात भरीत पार्टी निघाली. असोद्याच्या रस्त्याला मळा होता. सकाळीच आम्ही सगळे गेलो, दोन वर्ग, तीन मास्तर आणि आमच्या प्राचार्या, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. काड्यांचा ढीग पेटवून त्यात वांगी टाकली होती. मुली काळ्या झालेल्या साली हाताने सोलत होत्या, चटका बसला की बोटं कानाला लावत होत्या. लाकडी बडगीत मिरच्या, लसूण आणि वांग्याचा गर मुसळीने ठेचायचं काम विमलकडे होतं. दुसरी कुणी दहा हात मारून दमायची, ही बोलत बोलत ठेचत होती. मग केळीची पानं, त्यावर भरीत, कांद्याची पात, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. इतकं चवदार भरीत मी त्याआधी खाल्लं नव्हतं. तसं त्यानंतरही खाल्लं नाही.

जेवणं झाल्यावर प्रत्येकीने काहीतरी करून दाखवायचं होतं. कुणी नक्कल केली, कुणी उखाणे घेतले, कुणी सिनेमातलं गाणं म्हटलं. विमलची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, मला गाता येत नाही, पण एक आहे, ते म्हणते. बडगीशेजारीच बसली होती, उठलीसुद्धा नाही. मांडीवर हात ठेवून तिने सुरू केलं.

बठ्ठा शेतस घरमा,
तरी घर सुनं शे.
चूल पेटेल शे,
तरी पानी थंडं शे.

सगळे घरात आहेत, तरी घर सुनं आहे. चूल पेटली आहे, तरी पाणी थंडच आहे. ते गाणं नव्हतं आणि नुसतं बोलणंही नव्हतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा आवाज एक पायरी खाली उतरायचा. तीन कडवी होती. तिसऱ्या कडव्यात तिने आई कशी दिसायची ते सांगितलं, सावकाश, चेहऱ्यावरून हात फिरवावा तसं. आणि शेवटी पहिली ओळ पुन्हा घेतली आणि अगदी खाली, जवळजवळ ऐकू येणार नाही अशा आवाजात संपवलं. माय नही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मळ्यात मोटारीचं पाणी पडत होतं तेवढाच आवाज होता. पहिली टाळी मी वाजवली. त्या टाळीची मला आजही लाज वाटते, कारण ती वाजवताना माझ्या डोक्यात धुळ्याची समूहगीत स्पर्धा होती. यंदा नवीन, स्वतःची कविता हवी असं आयोजकांनी कळवलं होतं आणि माझ्याकडे कविता नव्हती.

सोमवारी विमलने कविता लिहून आणली. पाठ टाचणाच्या वहीतला जाड कागद, शाईच्या पेनाने लिहिलेला, अक्षर गोल आणि टपोरं. दुसरी प्रत ठेवलीस का, असं मी विचारलं. तोंडपाठ आहे म्हणाली, लिहिली ती तुमच्यासाठी. मी खिशातलं लाल बॉलपेन काढलं.

काय काय केलं ते सगळं सांगतो, निदान सांगण्यात तरी काटछाट नको. 'शे' स्टेजवर लांबवला की शहरातली माणसं हसतात, म्हणून जिथे 'शे' होतं तिथे 'आहे' केलं. मात्रा वाढल्या, म्हणून इकडचे शब्द तिकडे केले. 'बठ्ठा' परीक्षकांना कळणार नाही, म्हणून 'सारे'. दुसऱ्या कडव्यात जुन्या लुगड्याच्या गोधडीचं काहीतरी होतं, ते मला घरगुती वाटलं, तिथे मी पाखरं घातली. होय, पाखरं. कुठलीही कविता अडली की तेव्हा मी पाखरं घालायचो. तिसरं कडवं लांब होतं, वेळेत बसत नव्हतं, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारली.

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "सर, तेवढं कडवं राहू द्या. माय त्याच्यातच शे."

मी म्हणालो, माय शेवटच्या ओळीत आहेच की. आणि मग ती शेवटची ओळ घेतली आणि 'नही' खोडून तिथे 'आहे' लिहिलं. सारे आहेत घरात, माय आहे. तीनदा, चढत, तिसऱ्यांदा वरच्या षड्जावर.

विमल कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, "पण सर, ती नाहीये."

"गाण्यात आहे म्हणायचं," मी म्हणालो. "ऐकणाऱ्यांना धीर वाटतो."

किती सहज म्हणालो. वीस वर्षं दुसऱ्यांच्या शब्दांना चाली लावून माझी अशी समजूत झाली होती की शब्द म्हणजे सुराला धरायला दिलेला कठडा. कठडा लाकडाचा काय आणि लोखंडाचा काय.

चाल मात्र चांगली झाली होती, हे खोटं बोलणार नाही. मी तिला तीन थरांत बांधलं होतं, आमच्याकडे तसं कुणी करत नसे. पहिली रांग ओळ उचलायची, दुसरी रांग तीच ओळ दोन मात्रा मागून घेऊन यायची आणि तिसरी रांग तेच शब्द एका षड्जावर धरून ठेवायची. पट्टी काळी चार, कारण पहिल्या रांगेतल्या दोन मुलींचा गळा त्या पट्टीत चांदीसारखा वाजायचा. महिनाभर रोज साडेचार ते सहा तालीम. जिन्यावरून जाणाऱ्या मुली थांबून ऐकायच्या. मोठ्या बाई म्हणाल्या, जिची कविता आहे ती स्टेजवर पाहिजे, म्हणून विमलला तिसऱ्या रांगेत घेतली.

आणि तिसऱ्या रांगेतून एक भलताच सूर यायला लागला. सगळ्या षड्जावर, ही कुठेतरी खाली. मी तिला एकटीला म्हणायला लावलं, पेटी वाजवून दाखवली, समजावलं, चिडलो. ती प्रयत्न करायची, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आवाज वर जायचा नाही आणि पुन्हा खाली जाऊन बसायचा. चौथ्या दिवशी मी तिला दाराशी नेलं.

"विमल, असं कर. तू नुसतं तोंड हलव."

तिने मान डोलावली. एवढंच. तिच्या जागी मी असतो तर कविता परत मागितली असती, निदान रडलो असतो. पण मास्तरांनी सांगितलं म्हणजे झालं, असं मानणाऱ्या घरातून ती आली होती. दुसऱ्या दिवसापासून ती आपल्याच कवितेतले माझे शब्द ओठांनी म्हणू लागली, आवाजाशिवाय, रोज साडेचार ते सहा.

तो सूर चुकीचा नव्हता. हे मला कितीतरी वर्षांनी, एका दुपारी तंबोरा लावताना कळलं. ती खालचा पंचम लावत होती. तंबोऱ्याची पहिली तार त्याचीच असते. षड्जाखाली तो नसेल तर षड्जाला बसायला जागा नसते. तिच्या गळ्याने आपणहून माझ्या चालीला तळ दिला होता आणि मी तो बंद केला. तंबोरा तसाच भिंतीला टेकवून ठेवला आणि बायकोला सांगितलं की डोकं दुखतंय.

धुळ्याला जायच्या आदल्या दिवशी पेटीचा भाता फुटला. बोटभर चीर पडली होती, हवा धरेना. दुरुस्तीला द्यायला वेळ नव्हता. मी मैद्याची खळ शिजवली आणि आतून लावायला जाड कागद शोधू लागलो. गाण्याची स्वच्छ प्रत एका सुवाच्य अक्षराच्या मुलीने करून आयोजकांना पाठवली होती. विमलचा कागद खोडाखोडीने भरलेला, आता कामाचा नाही, आणि चांगला जाड. घरात रद्दीचा ढीग पडला होता, पण मला तोच कागद हाताशी आला. घडी घातली, खळ लावली, आतून चिकटवला. भाता धरला. मी स्वतःवर खूश झालो.

एस.टी.ने आम्ही धुळ्याला गेलो. पेटी माझ्या मांडीवर, मुलींच्या पायाशी साड्यांच्या पिशव्या, खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या आणि थंड वारा आत येत होता. एरंडोल गेल्यावर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेचणाऱ्या बायकांच्या ओळी दिसत होत्या, पोटाशी बांधलेल्या ओट्या, वाकलेल्या पाठी. विमल खिडकीशी होती. ती त्यांच्याकडे बघत होती की नाही, मी पाहिलं नाही. मी मनातल्या मनात चाल घोळवत होतो.

सभागृह भरलेलं होतं. आमचा क्रमांक सातवा. पहिली ओळ उठली तेव्हाच मला कळलं की आज जमणार. दोन मात्रा मागून दुसरी रांग आली, खाली षड्ज धरलेला, आणि लोक पुढे वाकून ऐकायला लागले. शेवटची ओळ. सारे आहेत घरात, माय आहे. माय आहे. माय आहे. तिसऱ्यांदा ती ओळ वर गेली आणि थांबली, आणि टाळ्या इतक्या वाजल्या की मला पेटी मिटायचंही सुचेना.

आम्हाला पहिली ढाल मिळाली. परीक्षकांतले एक वयस्कर गृहस्थ बोलायला उभे राहिले. म्हणाले, गाण्यात जीव ओतणं म्हणजे काय ते तिसऱ्या रांगेतल्या त्या उंच मुलीकडून शिकावं, शेवटच्या ओळीला तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळ्यांनी वळून विमलकडे बघितलं. मीही बघितलं आणि अभिमानाने हसलो. ती मुलगी गातच नाही, हे गुपित फक्त आम्हा दोघांचं होतं आणि मला त्यात गंमत वाटली.

परतताना मुलींनी पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत तेच गाणं म्हटलं. विमल खिडकीशी बसून तोंड हलवत होती. आता स्टेज नव्हतं, परीक्षक नव्हते, आवाज काढला असता तर कुणी अडवलं नसतं. पण सवय झाली होती. मी कंडक्टरला ढाल दाखवत होतो.

तिने नंतर काही लिहिलं का, मला माहीत नाही. मोठ्या बाईंनी वार्षिक अंकासाठी तिला कविता मागितली होती, तिने दिली नाही. उन्हाळ्यात परीक्षा झाली, मुली गेल्या. नवीन मुली आल्या, नवीन कविता, तेच धृपद, तेच "एक, दोन, तीन, हं". बरीच वर्षं मी ती चाल सगळ्यांना वाजवून दाखवायचो. माझी सगळ्यांत चांगली चाल म्हणून.

ती आली तेव्हा नव्वदीचं दशक निम्म्याच्या पुढे गेलं होतं. मी निवृत्त होऊन मेहरूणला घर बांधलं होतं. डिसेंबरातलीच दुपार, अंगणात बायको वांगी भाजत होती, आणि फाटकात एक उंच बाई उभी. विमल. साक्रीच्या पलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. केस थोडे पांढरे झालेले, आवाज तसाच घोगरा. मला फार आनंद झाला. कुणी जुनी विद्यार्थिनी आली की मास्तरांना जो होतो तोच. मी बायकोला म्हटलं, अगं, हिच्याचमुळे आपल्याला ती ढाल मिळाली.

विमल पाया पडली, पाणी प्यायली आणि म्हणाली की एका कामासाठी आले आहे. तिची मुलगी चौथीत होती. बाईंनी आजीवर निबंध लिहायला सांगितला होता. मुलगी विचारत होती, माझी आजी कशी दिसायची. घरात फोटो नव्हता. आईचा फोटो कधी काढलाच नव्हता. तिच्या वडिलांना, आबांना, विचारायचं राहून गेलं आणि ते मागच्या वर्षी गेले. मावशी म्हणते गोंदण हनुवटीवर होतं, काकू म्हणते कपाळावर.

"मी ते लिहिलं होतं, सर," ती म्हणाली. "तिसऱ्या कडव्यात. बारा वर्षांची असताना जे पाहिलं ते सगळं त्यात होतं. आता म्हणायला गेलं की तुमची चाल येते. आणि चालीबरोबर तुमचे शब्द येतात."

मी तिच्यापुढचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"गोंदण होतं ना, सर? कुठे होतं?"

बघा, किती सोपं होतं. हनुवटीवर म्हणालो असतो तर ती सुखाने घरी गेली असती. मुलीचा निबंध पुरा झाला असता. कोण मला खोटं ठरवणार होतं? शब्द ओठांपर्यंत आला होता. पण मी एकदा 'नाही'चं 'आहे' केलेलं होतं. दुसऱ्यांदा करायची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, मला आठवत नाही.

मग एकदम भाता आठवला. मी जवळजवळ पळतच पेटी आणली. स्क्रू काढले, मागची फळी काढली. कागद होता, पिवळा पडलेला, कडक झालेला. बायकोने ओलं फडकं आणून दिलं. अर्धा तास लागला असेल, नखाने हळूहळू सोडवला, एक कोपराही फाटू दिला नाही. आम्ही तिघं उन्हात बसून तो उलगडला.

शाई खळीत विरघळून गेली होती. सगळा कागद फिकट निळा झाला होता, सकाळच्या आभाळासारखा, त्यात एक अक्षर नव्हतं. माझं लाल बॉलपेन मात्र जसंच्या तसं होतं. आहे. आहे. सारे. पाखरे. आणि खाली, तिसरं कडवं जिथे होतं तिथे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली.

विमल बराच वेळ त्या फुलीवर बोट ठेवून बसली. मला वाटलं आता ही रडेल, आता काहीतरी बोलेल. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. बायको आत निघून गेली.

"सर," ती म्हणाली, "चाल वाजवता? तोंडाला काही आठवलं तर बघू."

फळी लावली, पण भात्याची चीर आता उघडी होती. अर्धी हवा बाहेर जात होती. तरी वाजवली. काळी चार नको म्हणून खाली आणली, पांढरी एकमध्ये, जिथे तिचा गळा होता. दहा वर्षं उशिरा. ती अंगणात उभी राहिली, हात मागे बांधून, तालमीत उभी राहायची तशी, आणि डोळे मिटून ओठ हलवू लागली. आवाज नव्हता. मी पेटीकडे न बघता तिच्या ओठांकडे बघत होतो. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या जागी मी चाल थांबवली नाही, पहिल्या कडव्याचेच सूर पुन्हा वाजवले, जागा मोकळी ठेवली. तिचे ओठ थांबले. मिटले. थोडे उघडले, पुन्हा मिटले. मग शेवटची ओळ आली आणि ओठ आपोआप हलले. ते 'आहे' म्हणाले. तीनदा.

तिने डोळे उघडले. म्हणाली, "आते माले बी ती दिसत नही, सर."

एवढंच म्हणाली, घरच्या बोलीत. आता मलाही ती दिसत नाही. मग चहा घेतला. बायकोने भरीत वाढून आणलं, ते तिने मन लावून खाल्लं, चांगलं झालंय म्हणाली. कागद हवा का, मी विचारलं. तिने मान हलवली. साडेतीनची धुळ्याची गाडी होती, मी तिला रिक्षापर्यंत सोडलं. रिक्षात बसताना तिने पुन्हा पायाला हात लावला. मी पाय मागे घेऊ शकलो नाही.

त्याला आता बरेच हिवाळे झाले. मी प्रयत्न करून पाहिले, नाही असं नाही. पहिलं कडवं सापडतं, कारण तिथे मी फक्त शब्द फिरवले होते. उलटे फिरवले की तिचे तिला मिळतात. दुसऱ्यातली गोधडी सापडते, पण तिच्याभोवतीच्या ओळी पाखरं घेऊन गेली. तिसऱ्याच्या जागी मळा दिसतो, मोटारीचं पाणी ऐकू येतं, बडगीजवळ बसलेली ती दिसते, तिचे हलणारे ओठ दिसतात. सगळं दिसतं आणि शब्द ऐकू येत नाहीत. त्या दिवशी ती आवाज काढून म्हणत होती, तरीसुद्धा.

आज बायकोने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा नको म्हणालो. मागे शाळेत तालीम चालली आहे. मास्तर तरुण दिसतो, पेटी बरी वाजवतो. शेवटची ओळ तीनदा घेतली, तिसऱ्यांदा वर सोडली, शेवटचा शब्द 'आहे'. पोरींनी एकमेकींसाठी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातल्या दोघी-तिघींनी नुसतं तोंड हलवलं असेल. जाऊन त्याला सांगावं असं मनात येतं, पण काय सांगणार? मलाही कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

मी दार लोटून बसतो आणि पेटी न उघडता, आवाज खाली उतरवत, ती शेवटची ओळ तिच्यासारखी म्हणून बघतो. तिसऱ्या कडव्यातलं माझ्याकडे तेवढंच उरलं आहे, आणि तेही मी स्वतःच्या हाताने खोडलं होतं म्हणून लक्षात आहे. बठ्ठा शेतस घरमा. माय नही.